लागण, खोडवा, निडवा: साताऱ्याजवळच्या एका मालिकेचं प्रकरण

पाकीट उघडायला एकेचाळीस भाग लागले. साधं खाकी पाकीट. नायिकेच्या वडिलांनी मरण्याआधी लिहिलेली चिठ्ठी त्यात होती. ती वाचली की वाड्यातला भाऊबंदकीचा तिढा सुटणार आणि मालिका संपणार, असं ठरलेलं होतं. कलाविभागाने सुरुवातीला एकच पाकीट केलं होतं. हाताळून हाताळून त्याच्या कडा लोंबायला लागल्या, तेव्हा चहाच्या पाण्यात बुडवून आणखी चार पाकिटं जुनी केली. ती सेटवरच्या तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर वाळत ठेवली होती. वाड्याचे मालक, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तिथून जाता जाता म्हणाले, "आरं, एका पाकिटाचं भागंना, आता पोस्ट हापिस काढताय व्हय?"

मी त्या मालिकेचा लेखक नव्हतो, दिग्दर्शकही नव्हतो. मी साताऱ्यात लोकेशनचं काम बघतो. वाडा ठरवणं, गाड्या, युनिटचं जेवण, गावातले ज्युनिअर आर्टिस्ट, ग्रामपंचायतीची परवानगी, शॉट सुरू असताना मळ्यातली मोटार अर्धा तास बंद ठेवा म्हणून हातापाया पडणं, असली कामं. हे प्रकरण मी माझ्या बाजूने लिहितोय. वाहिनीचं, निर्मितीसंस्थेचं, गावाचं नाव देणार नाही. लेखिकेला ताई म्हणतो, कारण सेटवर सगळे तेच म्हणायचे.

आधी मालिका साताऱ्यात आल्या कशा, ते थोडक्यात. सिनेमावाल्यांना वाई जुनीच. 'गंगाजल' आणि 'स्वदेस' इथेच झाले. मेणवलीचा घाट तर लोकांना स्वतःच्या गावातल्या पारापेक्षा ओळखीचा. पण सिनेमा यायचा आणि जायचा. मराठी मालिका मात्र मुंबईतल्या स्टुडिओत नाहीतर घोडबंदर रोडच्या बंगल्यांत व्हायच्या आणि त्यांतलं खेडं फार तर देव्हाऱ्यामागच्या पडद्यावर असायचं. ऑक्टोबर २०१५ मध्ये टीव्हीवर काय किती बघितलं जातं ते मोजणाऱ्या बार्क या संस्थेच्या रेटिंगमध्ये ग्रामीण भागातली घरंही मोजायला सुरुवात झाली. मग अचानक सगळ्यांना गावाकडची भाषा गोड लागायला लागली. २०१६ मध्ये कोल्हापुरात 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली, २०१७ मध्ये साताऱ्यात 'लागिरं झालं जी'. त्यानंतर पोवई नाक्यावर चहा पिताना शेजारच्या टेबलावर कुणीतरी खलनायक बसलेला असणं ही काही नवलाची गोष्ट राहिली नाही. आमची मालिका याच लाटेत आली.

ताई साताऱ्याच्याच. कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायच्या, एकांकिका लिहायच्या. कथा, पटकथा आणि संवाद ही मालिकेत तीन वेगळी कामं असतात. त्यांतलं कथेचं आणि संवादाचं काम त्यांच्याकडे होतं, पटकथा मुंबईतला एक मुलगा करायचा. दोनशे साठ भागांची गोष्ट ठरली होती. आठवड्याला सहा भाग धरले तर दहा महिने. ताईंकडे एक वही होती. तिच्यात शेवटच्या भागाचा शेवटचा संवाद पहिल्याच आठवड्यात लिहिलेला मी स्वतः पाहिलाय.

पाकीट आलं दोनशे एकोणिसाव्या भागात आणि उघडायचं होतं दोनशे छत्तिसाव्यात. त्याच्या आदल्या आठवड्यात प्रोमो लागला: नायिकेचा हात पाकिटावर, मागे काकूंची सावली. दर गुरुवारी रेटिंग येतं. त्या गुरुवारी आकडा असा चढला की वाहिनीकडून पेढे आले. साताऱ्यात पुण्याहून पेढे, ही थट्टा तेव्हा सगळ्यांनी केली. पेढ्यांबरोबर निरोपही आला: पाकीट एवढ्यात उघडू नका.

पुढचे चार-पाच आठवडे त्या पाकिटाचं काय काय झालं, हे सांगायला हवं, कारण "मालिका ताणतात" असं आपण जे म्हणतो ते प्रत्यक्षात कसं होतं हे बाहेरच्याला दिसत नाही. पाकीट विहिरीजवळ पडलं. ते एका गड्याला सापडलं, त्याला वाचता येत नव्हतं. मग संक्रांत आली, सणाचे दोन भाग झाले, त्यात पाकीट नुसतंच पदराखाली होतं. काकूचं काम करणाऱ्या बाईंना नाटकाचा दौरा होता, म्हणून काकू आठ दिवस माहेरी गेल्या. काकू नसताना पाकीट उघडून उपयोग नाही, त्यामुळे ते कपाटात गेलं. कपाटाची किल्ली हरवली.

त्यातला एक दिवस डोळ्यांसमोर आहे. भागांची बँक संपत आली होती, म्हणजे चित्रित होऊन तयार असलेले जेमतेम दोन भाग हातात उरलेले. पानं सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर आली. सीन असा: नायिका कपाट उघडते, पाकीट घेते, बाहेरून हाक येते, ती पाकीट परत ठेवते. दीड पान. त्याचे आम्ही साडेपाच मिनिटं काढले. हात किल्लीकडे जातो, तो तीन बाजूंनी. मग सासूचा चेहरा, जावेचा चेहरा, दारात उभ्या गड्याचा चेहरा. प्रत्येकाकडे कॅमेरा जाणार, संगीत वाजणार. त्या गड्याचं काम करणारा गावातलाच पोरगा, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की कशाकडे बघून दचकायचंय. त्याने विचारलं तेव्हा सहायक दिग्दर्शक म्हणाला, "कशाकडे ते आम्हालाही उद्या कळेल, तू दचक."

हसण्यासारखं आहे. पण ती दीड पानं ताईंनी रात्री अडीच वाजता लिहिली होती, वाहिनीच्या क्रिएटिव्हने, म्हणजे गोष्टीवर देखरेख ठेवणाऱ्या माणसाने, संध्याकाळी आधीची तीन पानं रद्द केल्यावर. प्रेक्षक शिव्या देतो ते लेखकाला. पाणी घाला असं सांगणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत फार पुढे असतं आणि ती कुणी वाचत नाही.

शेवटी दोनशे साठाव्या भागात पाकीट उघडलं. चिठ्ठी निघाली ती अर्धी. दुसरं पान गायब.

त्या दिवशी आबा ओसरीवर बसून मॉनिटरकडे बघत होते. ते म्हणाले, "म्हंजी खोडवा ठेवला म्हना की." ऊस न लावणाऱ्यांसाठी सांगतो. पहिलं पीक ती लागण. तोडणी झाल्यावर बुडखा तसाच ठेवून त्याच्यावर दुसरं पीक घेतात तो खोडवा आणि तिसरं घेतलं तर निडवा. आबांचं हे एक वाक्य मला पुढे मुंबईतल्या चार बैठकांपेक्षा जास्त कामाला आलं. शेतकरी खोडवा का ठेवतो? आळस म्हणून नाही. नांगरट नको, सरी नको, बेणं विकत घ्यायला नको. उतारा कमी पडला तरी खर्चही कमी पडतो, म्हणून हिशोब जमतो.

मालिकेचं नेमकं हेच. वाहिनी निर्मात्याला भागामागे ठरलेली रक्कम देते. पण वाड्याची रंगरंगोटी, आतल्या खोल्यांचे सेट, कपडे, दागिने, शीर्षकगीत हा सगळा खर्च पहिल्या दिवसाआधी झालेला असतो. आमचे पहिले कित्येक महिने हा खड्डा भरण्यातच गेले. दोनशे साठाला मालिका थांबली असती तर निर्मात्याच्या हाती कौतुक आलं असतं आणि थोडं काहीतरी. खरी कमाई त्याच्या पुढच्या भागांत होती. वाहिनीचंही तेच. नवी मालिका म्हणजे नवे प्रोमो, नवी होर्डिंगं, आणि त्या वेळेला बसायची सवय लागलेला प्रेक्षक टिकेल याची खात्री नाही. चालती मालिका बंद करणं हा धंद्याच्या भाषेत वेडेपणाच. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांची मंजुरी मिळायची, तेव्हा लेखकाला शेवट आधी ठरवावाच लागायचा. रोजच्या मालिकेत शेवट हा लिहिण्याचा भाग राहिलाच नाही. 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ पर्यंत, तीन हजारांहून जास्त भाग चालली. तिला नावं ठेवणाऱ्या माझ्या आईने त्यातले किती चुकवले असतील, तर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आणि मी? मला ताणलेलं हवंच होतं. युनिट ऐंशी-नव्वद माणसांचं. त्यांचा दोन वेळचा डबा गावातल्या बचतगटाच्या बायका करायच्या. माझ्या चार गाड्या रोज लागायच्या. गावातली दहा-बारा पोरं सेटवर होती. एक लाइटच्या खात्यात शिकून तयार झाला, आता मुंबईत आहे. मालिकांची बिलं तीन महिन्यांनी निघतात, पण निघतात. दर महिन्याला काहीतरी येतंय म्हटल्यावर बँकही कर्ज देते. पाकीट उघडू नये असं मनापासून वाटणाऱ्यांत मी पहिल्या ओळीत होतो, हे इथे लिहून ठेवतो.

आबांचं मात्र नुकसान झालं आणि त्यात चूक माझी होती. वाड्याचा करार मी अकरा महिन्यांचा केला, तो संपला की तसाच पुढे ढकलत राहिलो. आबांची हळद असते. काढणी झाली की शिजवायची आणि वाड्याच्या चौकात, पुढच्या अंगणात पसरून वाळवायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते अंगण त्यांना लागतंच. पहिल्या वर्षी मालिका त्याआधी संपणार म्हणून ते तयार झाले. दुसऱ्या वर्षी अंगणात मालिकेतला मांडव होता आणि हळद तीन किलोमीटरवर दुसऱ्याच्या खळ्यावर. राखणीला माणूस ठेवावा लागला तो वेगळाच. भाडं मिळत होतं म्हणून आबा बोलले नाहीत. त्यांच्या घरातल्या बोलल्या.

चारशे तिसाव्या भागाच्या आसपास ताईंनी मालिका सोडली. तोपर्यंत चिठ्ठीचं दुसरं पान सापडलं होतं, ते खोटं निघालं होतं आणि नायिकेसारखीच दिसणारी एक मुलगी गावात आली होती. दुहेरी भूमिकेचं ऐकल्यावर ताई माझ्या गाडीतून घरी जात होत्या. बोगदा ओलांडेपर्यंत एक शब्द नाही. मग म्हणाल्या, "मी ही मुलगी आणली नाही. पण उद्या तिला बोलायला शब्द मीच देणार."

त्या गेल्या, पण गोष्ट त्यांच्याबरोबर गेली नाही. करारानुसार कथा, पात्रं, सगळं वाहिनीचं. लेखकाला भागामागे पैसे, लिहिणं थांबलं की पैसे थांबले. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या रॉयल्टीच्या हक्काला संरक्षण आहे. पण संरक्षण असणं आणि साताऱ्यात राहणाऱ्या संवादलेखिकेने वाहिनीच्या वकिलाला फोन करणं, यात अंतर आहे. त्यांच्यानंतर तीन लेखक आले. तो निडवा. मालिका सातशे चार भागांवर संपली. शेवटच्या भागात सगळे एकत्र फोटो काढतात. त्या वहीतला शेवटचा संवाद कुणी बोललंच नाही.

सेटवर ताईंबद्दल नाराजी होती. मध्येच सोडून गेल्या, आठवडाभर पानांचे हाल झाले, हे खरं आहे. एका दिवशी पानं आलीच नाहीत म्हणून युनिट दुपारी दोनपर्यंत बसून होतं. मलाही राग आला होता.

आता वेबसीरिज. तिथे गोष्ट ताणावी लागणार नाही, असं ताईंना वाटलं. त्या काळात बऱ्याच जणांना तसं वाटत होतं. नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ भारतात २०१६ मध्ये आले, हॉटस्टार त्याच्या वर्षभर आधी. आठ भाग, दहा भाग, शेवट ठरलेला, जाहिरातींसाठी तोडायचं नाही, गुरुवारची भीती नाही. शिवाय प्रेक्षक आधीच तिकडे सरकला होता, हे आमच्याकडे कुणी फारसं लक्षात घेत नव्हतं. माझी भाची आमचीच मालिका ॲपवर बघायची, बोटाने पुढे ढकलत. बावीस मिनिटांचा भाग ती सहा मिनिटांत उरकायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मामा, चेहरे सोडून देते." म्हणजे आम्ही अर्धा दिवस खपून जे घालत होतो, तेच ती काढून टाकत होती.

ताईंनी एका पतसंस्थेतल्या लिपिक मुलीची गोष्ट लिहिली. ठेवीदार रोज दारात येतात, तिला आतला हिशोब कळत जातो, आणि संचालकांत तिचा सख्खा चुलता. पश्चिम महाराष्ट्रात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मुंबईत सांगावी लागली. पतसंस्था म्हणजे बँक का नाही, यावर दोन बैठका झाल्या. आराखडा, मग भागवार आराखडा, मग सहा खर्डे. मधे प्लॅटफॉर्मवरची होकार देणारी व्यक्तीच नोकरी सोडून गेली आणि नव्या व्यक्तीने पहिल्यापासून वाचायला घेतलं. पहिल्या होकारापासून चित्रीकरणापर्यंत एकवीस महिने. त्यात पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात, दोन टप्प्यांच्या मधे काही नाही. ताई पुन्हा तासिकांवर गेल्या.

चित्रीकरणाला मीच होतो. वाई, साताऱ्याची जुनी पेठ आणि पतसंस्थेसाठी एक बंद पडलेलं दुकान. शेहेचाळीस दिवस. आठ भाग, पस्तीसेक मिनिटांचा एक, म्हणजे सगळं मिळून दोनशे ऐंशी मिनिटं. मालिकेत आम्ही दिवसाला एक भाग, बावीस मिनिटं काढायचो, त्या वेगाने हे तेरा दिवसांत उरकलं असतं. एका सीनमध्ये म्हातारा ठेवीदार काउंटरवर पासबुक ठेवतो आणि काही न बोलता उभा राहतो. ताईंनी तिथे संवाद लिहिलाच नव्हता. दिग्दर्शकाने सकाळचे चार तास त्यावर घालवले. मालिकेत त्या म्हाताऱ्याने सासूचं नाव घेतल्याशिवाय त्याला कुणी उभं राहू दिलं नसतं. ते काम सुंदर झालं होतं, यात मला शंका नाही.

गावाच्या बाजूने हिशोब वेगळा. माझा रोजचा दर मालिकेपेक्षा बराच चांगला मिळाला, पैसे वेळेवर आले. पण दिवस शेहेचाळीस. मोठ्या कामांना माणसं मुंबईहून आली, जेवणाचं कंत्राट पुण्याच्या माणसाला गेलं. मालिकेच्या पैशावर मी दोन टेम्पो ट्रॅव्हलर घेतल्या. वेबसीरिजच्या पैशावर त्यातल्या एकीचे टायर बदलले.

आणि शेवट. ताईंच्या मूळ लिखाणात ती मुलगी आठव्या भागात पोलीस ठाण्यात जाऊन चुलत्याविरुद्ध जबाब देते. एडिटच्या वेळी सूचना आली की शेवट जरा मोकळा ठेवा, दुसऱ्या सीझनला जागा राहील. त्यामुळे ती ठाण्याच्या पायऱ्यांपर्यंत येते, फोन वाजतो, स्क्रीनवरचं नाव बघून तिचा चेहरा बदलतो, अंधार. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला एकदम ते कपाट आठवलं. हात पाकिटापर्यंत गेलाय आणि बाहेरून हाक आली.

सगळे आठ भाग एका शुक्रवारी आले. किती लोकांनी पाहिले हे ताईंना आजवर कुणी सांगितलेलं नाही. टीव्हीवर दर गुरुवारी आकडा अंगावर यायचा, इथे आकडाच येत नाही. चार ठिकाणी चांगलं छापून आलं. दुसरा सीझन आला नाही. नाही म्हणूनही कळवलं नाही, नुसते फोन कमी होत गेले. आबांच्या आईंनी, वय ऐंशीच्या पुढे, नातवाच्या मोबाइलवर दोन दिवसांत सगळे भाग पाहिले. मी हळदीच्या कामासाठी गेलो होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "पुढचं कवा लागतंय?" म्हटलं, आज्जी, संपलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आरं, संपलं कसं? ती पायरीवरच हाय की अजून."

मी ताईंना हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी वही काढली, नवी, आणि त्यात आज्जींचं वाक्य लिहून घेतलं.

माझ्या कामापुरतं सांगायचं तर आता मी वाड्याचा करार महिन्यांवर करत नाही. भागांच्या टप्प्यांवर करतो, प्रत्येक टप्प्याला भाडं वाढतं आणि फेब्रुवारी ते एप्रिल अंगण मालकाचं. निर्माते कुरकुर करतात आणि सही करतात. मालिका वाढवायची तर तिची किंमत वाड्यालाही मिळावी, इतकंच माझ्या हातात आहे. ताईंनीही आपल्या नव्या करारात एक ओळ घालून घ्यायचा प्रयत्न केला: ठरलेल्या भागांपुढे मालिका गेली तर कथेसाठी नाव आणि वेगळं मानधन. नाव द्यायला ते तयार झाले. मानधनाची ओळ खोडली गेली.

हो, ताई पुन्हा मालिका लिहितायत. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला, वाडा मिळेल का म्हणून.

"किती भाग?" मी विचारलं.

"दीडशे म्हणतायत. शेवट लिहून दिलाय. सही झालीय त्यावर."

"आणि आकडा चढला तर?"

पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग त्या म्हणाल्या, "तू आबांना विचार तरी."

मी आबांना फोन लावला. पुन्हा त्याच ताई, नवी मालिका, अंगणाचं कलम पक्कं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. किती दिवस, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "किती वर्सं?"